ओहोटीच्या वाटेवर: रत्नागिरीचं खडप आणि प्राण्यांची नाती

कोकणात भरतीची वेळ काढायला पंचांग पुरतं. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. द्वितीयेला दुपारी दीडला भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त मागे हटतं आणि एरवी बुडालेलं खडप, म्हणजे किनाऱ्यावरचा कातळाचा पट्टा, उघडं पडतं. म्हणून रत्नागिरीला जायचा बेत आम्ही अमावस्या बघून ठरवला आणि द्वितीयेच्या सकाळी, उजाडता उजाडता, गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावरून खाली खडपात उतरलो.

माझा हट्ट होता तो एका कारणासाठी. जंगलात आठवडाभर फिरलं तरी नजरेला पडतात ते मुख्यतः दोनच संघ, म्हणजे प्राण्यांचे मोठे गट: कणा असलेले प्राणी आणि कीटक-कोळी यांचे संधिपाद. फार तर एखादी गोगलगाय, एखादं गांडूळ. प्राण्यांचे सुमारे पस्तीस संघ मानले जातात आणि जवळपास सगळ्यांची माणसं, म्हणजे प्रतिनिधी, समुद्रात आहेत. दहावीच्या पुस्तकात रंध्रीय, वलयी, कंटकचर्मी अशी नावं आपण पाठ करतो. ती सगळी मंडळी एकमेकांना खेटून राहताना बघायची असतील तर ओहोटीचं खडप गाठावं, दुसरी इतकी चांगली जागा मला माहीत नाही.

वरच्या कोरड्या पट्ट्यात कालवं काढणाऱ्या एक मावशी आधीच बसल्या होत्या. हातातल्या टोकदार लोखंडाने कालवाची वरची शिंप उडवायची, आतलं मांस डब्यात टाकायचं. आम्हाला चपला घालून येताना बघून त्या म्हणाल्या, "सांभाळून गो, पाय कापेल. ती पांढरी पांढरी आहेत ना, ती कालवापेक्षा वाईट."

"मावशी, ही खातात का?"

"ती? त्यात खायचं काय आहे!"

ती पांढरी पांढरी म्हणजे बार्नेकल. सबंध कातळ त्यांनी भरलेला होता. चुनखडीच्या तिरप्या पाकळ्यांचं कवच, वर तोंड, आणि ते तोंड घट्ट मिटलेलं. पाणी साचलेल्या एका डबक्यापाशी मी पालथी झोपले आणि एकावर नजर लावून बसले. थोड्या वेळाने वरची झडप उघडली आणि आतून पिसासारखा नाजूक झुपका बाहेर आला, पाण्यात झाप घालून आत गेला. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. तो झुपका म्हणजे त्याचे पाय. हा प्राणी डोकं कातळाला चिकटवून उलटा उभा असतो आणि जन्मभर पायांनी अन्न गोळा करून तोंडात ढकलतो.

कवच चुन्याचं, जागेवरून हलायचं नाही, म्हणून हा शिंपल्यांचाच भाऊ असणार असं पूर्वी सगळ्यांना वाटायचं. 1817 मध्ये फ्रान्सच्या कुव्हिएने सगळ्या प्राण्यांचे चार मोठे गट पाडले, त्यात बार्नेकलना त्याने मृदुकाय, म्हणजे शंख-शिंपल्यांच्या, गटात बसवलं. पुढे आयर्लंडमधल्या कॉर्कला राहणाऱ्या जॉन व्हॉन टॉम्पसन नावाच्या लष्करी डॉक्टरने समुद्रातून बारीक जाळीने गाळलेले, पोहणारे सूक्ष्म जीव काचेच्या भांड्यात ठेवले. त्यातल्या काहींनी तळ धरला, कवच सोडलं, आणि बघता बघता त्यांचे बार्नेकल झाले. 1830 मध्ये त्याने हे छापलं. बार्नेकलचं पिल्लू म्हणजे पाय हलवत पोहणारं कवचधारी, कोळंबी-खेकड्यांच्या पिल्लांच्या जातकुळीचं. म्हणजे मावशींच्या डब्यातलं कालव आणि शेजारी चिकटलेलं बार्नेकल यांचं दिसणं सारखं, पण गोत्र वेगळं. बार्नेकलचा सख्खा खेकडा.

चार्ल्स डार्विननेही 1846 ते 1854 अशी आठ वर्षं याच प्राण्यात घालवली आणि त्यावर चार ग्रंथ लिहिले. उत्क्रांतीचा सिद्धान्त जवळ तयार असताना एवढा मोठा माणूस बार्नेकल का चिरत बसला, हा प्रश्न त्या डबक्याकाठी मला पडला नाही. एकेका जातीत अवयव कुठे झिजतो, कुठे नवं काम उचलतो, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. कातळावर पोट टेकून तासभर पडलं की ती ओढ समजते.

थोडं खाली गेल्यावर एका फटीत खेकडा दिसला. जवळ जाऊन पाहिलं तर नुसती कात, डोळ्यांच्या देठांसकट अख्खी. संधिपादांना वाढायचं तर जुनं कवच सोडावंच लागतं. वळ्यावळ्यांचं शरीर बघून पूर्वी खेकडे-कीटक आणि गांडुळं यांना एकाच मोठ्या गटात घालत. 1997 मध्ये जनुकांच्या तुलनेतून वेगळंच चित्र पुढे आलं: कात टाकणारे सगळे एका बाजूला, त्यात संधिपादांसोबत गोलकृमी, म्हणजे आपल्या पोटातले जंतही, आणि गांडुळांसारखे वलयी कृमी दुसऱ्या बाजूला, शंख-शिंपल्यांच्या पंगतीत. त्या पंगतीची खूणही पिल्लांतच आहे. अनेक वलयी कृमींचं आणि अनेक मृदुकायांचं पिल्लू जवळजवळ सारखं असतं: भोवऱ्याच्या आकाराचं, कमरेला केसांचा पट्टा, त्याच्या हालचालीवर गरगरत पोहणारं.

पाणरेषेजवळ हिरव्या-तपकिरी झोअँथिडची सतरंजी पसरलेली होती. उघड्यावर पडलेले मिटून चिकट झालेले, पाण्याखालचे फुलासारखे उमललेले. मुंबईपासून खाली कोकणभर खडपात हे दिसतात. हात लावू नये, यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. समुद्रफूल, जेलीफिश, पोवळं यांचाच हा संघ. पोटाला एकच दार; खाणं त्यातून आत आणि उष्टंही त्यातूनच बाहेर. शेजारी नारिंगी स्पंज. त्याला तोंड नाही, पोट नाही, नस नाही. अंगभर भोकं, आत चाबकासारखा एकेक धागा हलवून पाणी खेचणाऱ्या पेशी. अगदी तशाच दिसणाऱ्या पेशी समुद्रात एकएकट्याही जगतात, आणि त्या एकपेशीय जीवांना आज सर्व प्राण्यांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक मानतात.

आता मी ज्यासाठी गेले होते ते. गुडघाभर पाण्यातला एक मध्यम दगड हळूच उचलला. खाली सर्पतारा, म्हणजे तारामाशाचा भाऊबंद, होता, पाच लांब हात वळवळवत लगेच अंधाराकडे पळाला. त्याच्यामागे, दगडाच्या पोटाला चिकटलेला, बोटभर रुंद नारिंगी पापुद्रा. बुळबुळीत, ना डोकं ना शेपूट. भिंगातून पाहिलं तर पापुद्र्यावर बारीक चांदण्या होत्या, आणि प्रत्येक चांदणीची पाकळी म्हणजे एक स्वतंत्र प्राणी. कंचुकी प्राण्यांची ही वसाहत. स्पंजशेजारी ठेवला तर नवखा माणूस दोन्ही एकच म्हणेल. कुव्हिएनेही कंचुकींना शिंपल्यांच्या सोबत ठेवलं होतं.

1866 मध्ये अलेक्झांडर कोव्हालेव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने यांच्या वाढीचा अभ्यास छापला. याचं पिल्लू बेडकाच्या पिल्लासारखं, शेपटी हलवत पोहतं. त्या शेपटीत पृष्ठरज्जू, म्हणजे आधाराचा लवचीक दांडा, त्याच्या वरच्या अंगाला चेतारज्जूची पोकळ नळी. आईच्या पोटात आपली जडणघडण होताना हाच आराखडा दिसतो. थोडा काळ पोहून ते डोक्याकडून कातळाला चिकटतं, शेपटी अंगातच विरघळवतं आणि पापुद्रा होऊन बसतं. 2006 मध्ये जनुकांच्या मोठ्या तुलनेतून दिसलं की पृष्ठवंशीयांचे आज हयात असलेले सगळ्यात जवळचे नातेवाईक हेच. सर्पतारा त्यांच्यामागचा, लांबचा भाऊबंद: त्याच्या आणि आपल्या गर्भात पहिलं पडणारं छिद्र साधारणपणे गुदद्वाराच्या बाजूचं असतं, तोंड नंतर फुटतं. चलाख डोळ्यांचं माकूल आणि धावणारा खेकडा आपल्याला जवळचे वाटतात, पण त्या दगडाखालचा पापुद्रा त्यांच्यापेक्षा कितीतरी जवळचा. मी तो दगड हातात धरून उभी राहिले आणि मला खरोखर भरून आलं.

पायाखालचा कातळ दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. त्यावर बसलेली ही घराणी त्याहून फार जुनी. चीनमधल्या युन्नान प्रांतातल्या चेंगजियांगला सुमारे 52 कोटी वर्षांपूर्वीच्या गाळाच्या खडकात संधिपाद आहेत, स्पंज आहेत, आणि मायलोकुनमिंगिया नावाचा जेमतेम तीन सेंटीमीटरचा, जबडा नसलेला माशासारखा प्राणीही आहे. म्हणजे कातळ थंड होण्याच्या कितीतरी आधी या सगळ्यांच्या वाटा वेगळ्या झालेल्या होत्या.

नऊनंतर पाणी चढू लागलं. मावशी डबा भरून केव्हाच वर गेल्या होत्या. परतताना झाडगावच्या सागरी संशोधन केंद्रातलं संग्रहालय पाहिलं, तिथला देवमाशाचा सांगाडा बघण्यासारखा आहे. देवमाशांना माशांतून काढून सस्तन प्राण्यांत नेलं ते स्वीडनच्या लिनियस या शास्त्रज्ञाने, 1758 मध्ये. त्यांच्या पूर्वजांची हाडं आपल्याच उपखंडात सापडली आहेत, पाकिस्तानातला सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचा पाकिसेटस तर चार पायांवर चालत होता.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली अमावस्या किंवा पौर्णिमा धरा आणि ओहोटीच्या तासभर आधी पाण्याकडे उतरा. पाय झाकणारे बूट घाला, साधं दहापट भिंग सोबत ठेवा. समुद्रकाकडी आणि पोवळं कायद्याने संरक्षित आहेत, काहीही उचलून आणू नका. आणि दगड उलटा केलात तर बघून झाल्यावर होता तसाच, त्याच बाजूने ठेवा. खालच्या अंगाला चिकटलेल्यांना उन्हात जगता येत नाही आणि तिथून हलताही येत नाही.