बर्फ वाहतो तेव्हा

एकतीस वर्षं मी फळ्यावर हिमनदी काढली. साताऱ्याजवळच्या एका हायस्कुलात नववीला भूगोल शिकवायचे. पांढऱ्या खडूने दोन्ही बाजूंना डोंगर, मधून खाली येणारा जाड पट्टा, पट्ट्याच्या कडेने ठिपके. ते ठिपके म्हणजे हिमोढ, हिमनदीने वाहून आणलेले दगड-मातीचे ढीग. हिमगव्हर, शुककूट, लोंबती दरी, मेषशिला ही नावं मुलांना चांगली पाठ असायची. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "बाई, बर्फ वाहतो तेव्हा आवाज येतो का?" मी म्हटलं, "इतका सावकाश सरकतो रे, आवाज कुठून येणार?" तो खाली बसला आणि मी पुढचा मुद्दा घेतला.

माझं उत्तर चुकीचं होतं. ते मला या ऑगस्टमध्ये कळलं, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, अमेरिकेत माउंट रेनियर नॅशनल पार्कात.

लेक-जावई सिएटलजवळ बॉथेलला राहतात. तिथे गेल्यावर पहिले तीन दिवस ढगच होते. चौथ्या दिवशी लेक ऑफिसच्या वाटेवरून फोन करून म्हणाली, "आई, डोंगर बाहेर आलाय, गॅलरीत जा." तिथली माणसं असंच म्हणतात, डोंगर बाहेर आला. कुठला डोंगर ते सांगावं लागत नाही. मी गॅलरीत गेले. झाडांच्या रांगेवर, क्षितिजापासून सुटून, एक पांढरा प्रचंड आकार तरंगत होता. उंची १४,४१० फूट, म्हणजे ४,३९२ मीटर. आसपासच्या रांगांतलं काहीही त्याच्या खांद्याला पोचत नाही. हा जिवंत ज्वालामुखी आहे आणि त्याच्या अंगावर पंचवीसच्या आसपास हिमनद्या आहेत. आग आणि बर्फ एकाच डोंगरात! मी चहा ओट्यावर ठेवून तासभर तिथेच उभी होते. चहा गार झाला.

शनिवारी पहाटे पाचला निघालो. लेक, जावई, नऊ वर्षांचा नातू आणि मी. गुळाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि एक थर्मास. जावई म्हणाले, "आई, तिथं उन्हाळ्यातसुद्धा बर्फ असतो, कानटोपी घ्या." घेतली.

वाटेत प्युआलप नदीचं खोरं लागतं. रस्त्याकडेला निळे फलक दिसले, ज्वालामुखी जागा झाला तर कुठल्या बाजूला पळायचं ते दाखवणारे. त्याच खोऱ्यात वरच्या बाजूला ऑर्टिंग नावाचं गाव आहे. शाळेतली मुलं वर्गातून निघून चालत उंचावर जाण्याची कवायत तिथे करतात. भीती लाव्हाची नाही, चिखलाची आहे. डोंगराच्या पोटातली उष्णता आणि आम्लं आतला खडक हळूहळू कुजवतात, त्याची माती होते. वरून बर्फाचं पाणी. कडा ढासळला, की ओल्या सिमेंटसारखा लोंढा नदीच्या पात्रातून कित्येक मैल धावतो. याला लाहार म्हणतात. सुमारे ५,६०० वर्षांपूर्वी या डोंगराचा माथाच असा वाहून गेला आणि चिखल थेट समुद्राच्या खाडीपर्यंत पोचला. ऑर्टिंगचं गाव सुमारे पाचशे वर्षांपूर्वीच्या अशाच एका लोंढ्याच्या थरावर वसलेलं आहे. घरं, शाळा, चर्च, सगळं. मला त्या गावातल्या भूगोलाच्या शिक्षिकेला भेटावंसं वाटलं. ती मुलांना हा धडा कसा शिकवत असेल?

पार्काच्या निस्क्वाली फाटकावर ओंडक्यांची भली थोरली कमान आहे. आत शिरताच उजेड कमी होतो, इतकी उंच झाडं. डग्लस फर, हेमलॉक, सीडर. मधेच कॉट्झ क्रीक नावाच्या ओढ्यापाशी जंगल एकदम निराळं होतं, बारकं आणि दाट. १९४७ च्या ऑक्टोबरात मुसळधार पावसात इथे चिखल-दगडांचा लोंढा आला आणि रस्ता गाडून गेला. नंतर उगवलेलं रान आहे ते. मला तिथे जरा जास्त थांबायचं होतं, पण वर गाडी लावायला जागा मिळणार नाही म्हणून पुढे निघालो.

पुढच्या फलकावर मात्र मी गाडी थांबवायला लावलीच. नारद फॉल्स! नातू त्याचा उच्चार 'नराडा' करतो. मी त्याला सांगितलं, अरे, हा आपला नारद. त्याला पटेना. मग रेंजरच्या माहितीफलकावरून आणि नंतर घरी वाचून गोष्ट उलगडली. १८९३ साली हे नाव पडलं. जवळच्या टकोमा शहरात थिऑसॉफिकल सोसायटी या अध्यात्माचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची एक शाखा होती, तिचं नाव नारद. त्या शाखेवरून धबधबा नारद झाला. ही सोसायटी न्यूयॉर्कला स्थापन झाली, १८७९ मध्ये तिचे संस्थापक बोटीने मुंबईला उतरले, गिरगावात राहिले आणि काही वर्षांनी मद्रासजवळ अड्यारला गेले. म्हणजे हे नाव आमच्या मुलखाला वळसा घालून इथे आलं आहे. तीव्र उताराची छोटी पायवाट उतरून खाली गेलो. पाणी काळ्या कड्यावरून दीडशे फुटांहून अधिक खाली पडतं आणि पसरून पातळ होतं, ओल्या धोतराच्या सोग्यासारखं. तुषारांनी चष्मा भिजला. मी हात जोडले. नातवानेही जोडले.

डोंगराच्या नावाचीही अशीच गंमत आहे. पीटर रेनियर हा इंग्रज आरमारी अधिकारी. दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूवरने १७९२ साली आपल्या या मित्राचं नाव डोंगराला दिलं. रेनियर पुढे १७९४ ते १८०५ हिंदी महासागरातल्या इंग्रज आरमाराचा प्रमुख होता, म्हणजे त्याने आपला किनारा पाहिला. हा डोंगर मात्र कधीच पाहिला नाही. इथल्या मूळच्या लोकांनी हजारो वर्षं त्याला ताहोमा, ताकोबा अशा उच्चारांनी हाक मारली. टकोमा शहराचं नाव त्यातूनच आलं. मला ताहोमा आवडतं. 

वर पॅराडाइज नावाची जागा आहे, ५,४०० फुटांवर. १९१७ सालचं लाकडी हॉटेल, माहिती केंद्र आणि त्यामागे कुरणं. १९७१-७२ च्या हिवाळ्यात इथे १,१२२ इंच बर्फ पडला होता. साडेअठ्ठावीस मीटर! सगळा न दबता साचला असता तर आमच्या शाळेच्या इमारतीसारख्या दोन-तीन एकावर एक ठेवल्या तरी बुडाल्या असत्या. नातवाने केंद्रातून ज्युनिअर रेंजरची पुस्तिका घेतली आणि पेन्सिल कानामागे अडकवली.

ऑगस्टचा पहिला आठवडा म्हणजे फुलांचा ऐन भर. निळी ल्युपिन, शेंदरी आणि गुलाबी पेंटब्रश, पांढरी बिस्टर्ट. आणि फुलून गेलेल्या पास्क फुलांचे केसाळ गोंडे, वाऱ्यावर डुलणारे. वाटेच्या दोन्ही बाजूंना दोर बांधलेत. एक बाई फोटोसाठी दोर ओलांडू लागली तर स्वयंसेवकाने फार नम्रपणे तिला परत बोलावलं. इथला उन्हाळा इतका तोकडा असतो, की तुडवलेलं रोप सावरायला कित्येक वर्षं लागतात. १९३० च्या दशकात याच कुरणात गोल्फचं मैदान होतं, हे वाचून मला धक्का बसला. आमच्या कासच्या पठारावर कुंपण आलं तेव्हा माझ्याच ओळखीतली माणसं चिडली होती. मीही मनातून नाराज होते, कारण लहानपणी आम्ही तिथे अनवाणी धावलो होतो. इथे दोराच्या अलीकडे उभी राहून मला त्या कुंपणाबद्दलचं माझं मत बदलावं लागलं.

मग चढ. ग्लेशियर व्हिस्टा नावाच्या जागेपर्यंत मला दीड तास लागला. सुरुवातीला डांबरी वाट, पण चढ छातीवर येणारा. पुढे दगड, मधेमधे उन्हात वितळणारे बर्फाचे पट्टे. एक मार्मोट, आपल्या घुशीच्या चौपट तरी असेल, दगडावर बसून शिट्टी वाजवत होता. नातवाने दशमीचा तुकडा मुठीत घट्ट धरला. प्राण्यांना खायला घालायचं नाही हे त्याच्या पुस्तिकेत होतं.

आणि मग डाव्या हाताला दरी उघडली. खाली निस्क्वाली हिमनदी.

पहिली गोष्ट, ती पांढरी नव्हती. वर शिखराकडे पांढरी, भेगांमध्ये निळी. अगदी गाभ्यातला निळा रंग, नीळ जास्त पडलेल्या धोतरासारखा. खाली येता येता मात्र राखाडी, मग काळी. खालचा सगळा भाग दगड-मातीने झाकलेला, बर्फ आहे हे सांगूनही खरं वाटणार नाही असा. दोन्ही बाजूंना पार्श्व हिमोढाच्या उंच धारदार भिंती आणि त्यांच्या तळाशी, फार खाली, आक्रसलेली हिमनदी. त्या भिंतींच्या माथ्यापर्यंत एके काळी बर्फ होता. १८४० च्या सुमारास ही हिमनदी आजच्या रस्त्याच्या पुलाच्याही खालपर्यंत होती. आता तिचं टोक पुलापासून खूप वर मागे हटलंय. पुस्तकात 'हिमनदी मागे हटते' असं एक वाक्य होतं. मागे हटते म्हणजे उलटी चालते का, असं मुलं विचारायची. मी म्हणायचे, खालून वितळते. बरोबरच होतं ते. पण त्या रिकाम्या भिंती मी कधी काढून दाखवल्या नाहीत. आता काढायच्या असत्या तर आधी त्या काढल्या असत्या.

आम्ही बसलो. कुणी बोलत नव्हतं. आणि तेव्हा आवाज आला.

आधी दूरवर कडकडाट, वीज पडल्यासारखा, पण आभाळ स्वच्छ. मग दगड गडगडत गेल्याचा लांबलचक आवाज. थोड्या वेळाने खालून, पोटातून आल्यासारखा एक दबका धक्का. जावई म्हणाले, "आई, भेग पडली असेल." आणि या सगळ्याच्या खाली, थांबल्यावरच ऐकू येणारा, अखंड वाहत्या पाण्याचा घोष. बर्फाखालून वाहणारं तेच पाणी तळ ओला करतं आणि हिमनदी घसरते. १९७० च्या मे महिन्यात हीच निस्क्वाली दिवसाला २९ इंचांपर्यंत सरकल्याची नोंद आहे. दिवसाला जवळजवळ अडीच फूट! मी मुलांना 'वर्षाला काही मीटर' सांगत आले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीने पाठीवर हात ठेवला. तिला वाटलं, बाबांची आठवण आली. ती तर होतीच. पण मला तो मागच्या बाकावरचा मुलगा दिसत होता, खाली बसताना.

नातवाने पुस्तिकेत लिहिलं, 'मी काय ऐकलं: ग्लेशियर.' खाली उतरल्यावर रेंजरबाईंनी ते वाचलं, त्याला उजवा हात वर करायला लावून शपथ दिली आणि बिल्ला दिला.

परतताना पुलाजवळ थांबलो. निस्क्वाली नदी दुधाळ राखाडी. हिमनदीने दळलेल्या खडकाचं पीठ आहे ते. जिथे उतरायची वाट होती तिथे मी पाण्यात हात घातला. दोन क्षणांत बोटं बधिर झाली. हात रुमालाला पुसला तर रुमालावर करडा डाग राहिला, भस्मासारखा मऊ.

वर बसले असताना मी मोबाइलवर चाळीस सेकंद आवाज टिपला होता. त्या रात्री आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पाठवला आणि लिहिलं, "नववीत एकाने विचारलं होतं, बर्फ वाहताना आवाज येतो का. मी नाही म्हणाले होते. येतो." कोणी विचारलं होतं ते लिहिलं नाही.

सकाळी उठून पाहिलं तर त्याचंच उत्तर आलं होतं. तो आता दुधाचा टँकर चालवतो. "बाई, हेडफोन लावून तीनदा ऐकलं. खंबाटकीच्या घाटात भरलेली गाडी पहिल्या गिअरला टाकतो ना, डिट्टो तसा आवाज आहे. अजून असेल तर पाठवा."