एल आल्तोतली गावकी

23 मार्च 2024 ला बोलिव्हियात जनगणना झाली. त्या दिवशी इथे अख्खा देश घरात बसतो. गाड्या बंद, दुकानं बंद, परवानगी असल्याशिवाय रस्त्यावर यायचं नाही. पण आदल्या दोन दिवसांत एल आल्तो या शहरातून निघणाऱ्या मिनीबसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शहरात घर, शहरात धंदा, मुलं शहरातल्या शाळेत, आणि तरीही माणसं गावाला निघाली होती. त्यांना आपलं डोकं गावात मोजून घ्यायचं होतं.

त्यामागे पैशाचं साधं कारण आहे. 1994 च्या कायद्यापासून केंद्राच्या करातला ठरावीक वाटा पालिकांना लोकसंख्येच्या प्रमाणात मिळतो. गावाकडची डोकी घटली की तिकडच्या रस्त्याचे आणि दवाखान्याचे पैसे घटतात. म्हणून कित्येक गावांनी शहरातल्या आपल्या माणसांना बजावलं होतं: मोजणीला या, नाहीतर जमिनीवरचा हक्क विसरा. 2012 च्या जनगणनेतही हेच झालं होतं. यात एल आल्तोचं नुकसान होतं, हे खरं आहे. शहराच्या कडेच्या वस्त्यांना नळ आणि शाळा हव्यात, आणि त्यांचा हिशोबही डोक्यांवरच होतो. तरी मला गावाचा दावा खोटा वाटत नाही. ही माणसं खरोखरच दोन्हीकडे राहतात.

एल आल्तो म्हणजे ला पास शहराच्या डोक्यावरचं पठार, उंची चार हजार मीटरच्या वर. 1950 च्या सुमारास इथे दहा-अकरा हजार माणसं होती. 2012 च्या मोजणीत ती साडेआठ लाखांच्या घरात गेली आणि ला पास मागे पडलं. 1953 च्या जमीन सुधारणेने हासिएन्दांची, म्हणजे जमीनदारांची जमीन कसणाऱ्यांना मिळाली. पुढे ती मुलांत, नातवंडांत वाटली जाऊन काहींच्या वाट्याला चार-दोन सऱ्या उरल्या. 1982-83 च्या दुष्काळाने पठार भाजून काढलं. मग 1985 मध्ये कथिलाचे भाव कोसळले, सरकारी खाणींतले वीस हजारांहून जास्त कामगार घरी बसवले गेले आणि त्यांतले बरेच इथेच आले. ज्या व्हिक्तोर पास एस्तेन्सोरो यांच्या सहीने शेतकऱ्यांना जमीन मिळाली होती, तेच तेव्हा पुन्हा राष्ट्राध्यक्ष होते.

शहरात राहणाऱ्या गावकऱ्यांना इथे ‘रेसिदेन्ते’ म्हणतात. चाकरमान्यांची मुंबईतली ग्रामस्थ मंडळं पाहिलेल्यांना हा माणूस लगेच ओळखू येईल: जत्रेची वर्गणी, गावच्या नावाचा फुटबॉल संघ, सणाला परतणं. पण आयमारा या इथल्या मूळ रहिवासी समाजाच्या गावांत वर्गणीवर भागत नाही. जमीन राखायची तर सभेला हजर राहायचं, बांध-रस्त्याच्या कामाला यायचं, आणि आपला क्रम आला की वर्षभर गावचा कारभार अंगावर घ्यायचा. हे पद एकट्या पुरुषाचं नसतं, नवरा-बायकोचं मिळून असतं. त्याच्या अंगावर पोंचो आणि चाबूक, तिच्या पाठीवर आवायो हे रंगीत विणलेलं कापड. दोघांनी मिळून तंटे ऐकायचे, पेरणीआधीचे विधी करायचे, आल्यागेल्याला जेवू घालायचं. पगार नाही. उलट पदरचा पैसा जातो. काही गावांत त्या वर्षात कारभाऱ्याने गाव सोडायचं नसतं, म्हणजे शहरातली टॅक्सी किंवा शिवणयंत्र दुसऱ्या कुणावर तरी सोपवावं लागतं.

एवढं कशासाठी, असा प्रश्न मला पूर्वी पडायचा. आमच्या घरमालकीणबाईंच्या माजघरात पोती पाहिली आणि उत्तराचा एक भाग तरी मिळाला. जून-जुलैच्या कडक थंडीत गावाकडे बटाटे रात्रभर उघड्यावर गोठवतात, सकाळी पायांनी तुडवून त्यांतलं पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. हा चुन्यो वर्षानुवर्षं टिकतो. शहरात मंदी आली, रस्ते अडवले गेले, तरी चूल पेटते. गावातून पोती येतात, इथून तांदूळ, साखर, तेल आणि गणवेश जातात. गुरुवारी आणि रविवारी भरणाऱ्या ‘16 दे खुलिओ’ या अफाट बाजारात गावचा नातेवाईक भेटला नाही, असं क्वचितच होतं.

सगळं गोड आहे असं मात्र नाही. गावात राहणाऱ्यांची तक्रार असते की रेसिदेन्ते काढणीला उगवतात, नाचाला उगवतात, आणि गुरं राखायला म्हातारे-म्हाताऱ्या उरतात. सभेत यावरून आवाज चढतात. मला त्यांची बाजू जास्त पटते. गोठलेल्या पहाटे लामा या लोकरीच्या जनावरांच्या कळपामागे जाणं आणि महिन्यातून एकदा मिनीबसने येणं यांत फरक आहेच. पण रेसिदेन्तेंशिवाय शाळेचं छप्पर आणि पालिकेतली खटपट झाली नसती, हेही तेच लोक कबूल करतात.

1 नोव्हेंबरला दुपारी मृतांचे आत्मे घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परततात, असं इथे मानतात. गेल्या तीन वर्षांत घरचं कुणी गेलं असेल तर त्या वेळी गावाला जाणं टाळत नाहीत. माणसांच्या आकाराचे पाव, ऊस आणि कांद्याची पात मांडून वेदी सजते. शहरात जन्मलेली, आयमारा भाषा जेमतेम समजणारी मुलंसुद्धा तिथे आजोबांच्या थडग्याशी बसून प्रार्थनेला आलेल्यांना पाव वाटतात.

आता आमच्या घरमालकांचा क्रम आला आहे. जानेवारीपासून दोघं वर्षभर गावी असतील आणि भाडं आम्ही त्यांच्या धाकट्या मुलीकडे द्यायचं ठरलं आहे; कापडाचं दुकानही तीच बघेल. थोरला मुलगा ब्राझीलमधल्या साओ पावलोत शिवणकाम करतो. पद स्वीकारताना द्यायच्या मेजवानीचे निम्मे पैसे त्याने पाठवले आहेत. उरलेल्या पैशांसाठी बाईंनी भावाला गाठलं, कारण त्याचा क्रम आला होता तेव्हा बिअरच्या पेट्या यांनीच दिल्या होत्या, आणि ते वहीत लिहिलेलं आहे.