'ग्रीक कॉफिन'ने पार झोपवलं

एलरी क्वीनच्या रहस्यकादंबऱ्या ओळीने वाचायच्या आणि उकलीआधी वाचकाला आव्हान देणारं पान येतं तिथवर खुनी ओळखायचा, ही माझी मोहीम. या खेपेला त्या आव्हानाच्या पानापर्यंत पोचायचीही गरज पडली नाही, 'ग्रीक कॉफिन'ने मध्यावरच चीत केलं. मागच्या वेळी 'डच शू' सुटलं म्हणून कॉलर ताठ करून मिरवलो होतो (बुटाच्या नाडीवरची चिकटपट्टी, आठवतेय ना?). आजवरचे गुण: रोमन हॅट अर्धा, फ्रेंच पावडर शून्य, डच शू एक. या खेपेचं शेवटी सांगतो. अर्ध्या पुस्तकापर्यंतचं इथे फुटणार आहे, खुन्याचं नाव मात्र नाही.

आधी प्रतीची गंमत. जुन्या पुस्तकवाल्याने "एकदम कोरं आहे" म्हणून गळ्यात मारलं. घरी येऊन बघतो तर अनुक्रमणिकेत एकूण एक प्रकरणाच्या पहिल्या अक्षराला पेन्सिलीचा गोल. खुन्याचं नाव पहिल्याच पानावर लिहून ठेवणारे महाभाग मला याआधी भेटलेत, त्यामुळे ते पान सरळ स्टेपल करून टाकलं. चार दिवसांनी नाशिकहून आतेबहिणीचा फोन (मोहिमेत ती जोडीला आहे, पण मोबाइलवर वाचते, मला ते जमत नाही). "दादा, टूम, हंट, एनिग्मा. पहिली अक्षरं उभी वाच." ३४ प्रकरणं, ३४ अक्षरं, आणि त्यांतून पुस्तकाचं नाव आणि लेखकाचं नाव! त्या अनोळखी पेन्सिलवाल्याची मनातल्या मनात माफी मागितली आणि पिना काढल्या.

आता खरं दुखणं: चहा. खल्किस या आंधळ्या कलाव्यापाऱ्याच्या अभ्यासिकेत तीन उष्टे कप, पण पर्कोलेटरमधलं (म्हणजे चहाचं पाणी तापवायच्या भांड्यातलं) पाणी तीन कपांइतकं कमी झालेलंच नाही. हे वाचल्यावर मला राहवेना. आमच्याकडे कुठला पर्कोलेटर? स्टीलचं पातेलं घेतलं, मापून सहा कप पाणी ओतलं, एक कप काढून तेच पाणी आळीपाळीने तिन्ही कपांत फिरवलं, प्रत्येकात चहाची पुडी बुचकळली. कप सुकायला रात्रभर ओट्यावर. सकाळी तिन्हींच्या तळाशी सारखंच तपकिरी कडं. बायकोने "हे काय मांडलंय?" विचारलं तेव्हा मी विजयी वीरासारखा उभा होतो. माणसं तीन नव्हतीच, तसं भासवलंय! वहीत साडेतीन पानं लिहिली.

पुढच्या प्रकरणांत एलरीही (कादंबरीतला डिटेक्टिव्ह, लेखकाच्याच नावाचा) तेच म्हणाला. टायच्या रंगाचा दुवाही जोडून त्याने सगळ्यांसमोर थाटात उकल मांडली. माझी छाती फुगली. आणि मग सेक्रेटरी जोन ब्रेट शांतपणे सांगते की तिने आधी पाहिले तेव्हा कप असे नव्हतेच. संपलं! एलरी तोंडावर आपटला आणि त्याच्याबरोबर माझं पातेलंही.

चूक तर्कात नव्हती, म्हणून जास्त झोंबलं. पुरावाच पेरलेला. मग आव्हानाच्या पानावर 'सगळे धागे तुमच्या हातात आहेत' म्हणतात त्यातला खरा धागा कोणता आणि खुन्याने ठेवलेला कोणता, हे वाचकाने ओळखायचं कशावरून? जपानी समीक्षक यालाच 'उत्तरकालीन क्वीन प्रश्न' म्हणतात. नाव क्वीनच्या उत्तरकाळातल्या पुस्तकांवरून, पण दुखण्याची सुरुवात इथेच, १९३२ मध्ये. वहीत आता प्रत्येक धाग्यापुढे नवा रकाना: 'हा कुणी, कधी पाहिला?' धागे कार्डांवर टिपायची पद्धत बंद केली. कार्डं हरवतात आणि हरवतं ते नेमकं महत्त्वाचंच असतं.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. 'एलरी क्वीन' या टोपणनावामागचे डॅने आणि ली हे नात्याने भाऊ. डॅने कथानकाचा सांगाडा रचायचा, ली त्यावर मांस चढवायचा, आणि दोघांची भांडणं पत्रांतून रंगायची. मी आणि आतेबहिणीनेही काम वाटून घ्यावं का? वेळा, मापं, कुलपं माझ्याकडे. कोण काय बोललं, कोण गप्प राहिलं ते तिच्याकडे. जोन ब्रेट किती वेळा काहीतरी बोलायला जाऊन थांबते, हे तिने टिपलं होतं. मी कप वाळवत बसलो होतो.

पुढचं 'इजिप्शियन क्रॉस' ठरलं होतं, ते पुढे ढकलतोय. १९३२ मध्येच या दोघांनी बार्नाबी रॉस या दुसऱ्या टोपणनावाने 'ट्रॅजेडी ऑफ एक्स' आणि 'वाय' काढली. 'ग्रीक' आणि 'इजिप्शियन' धरून एका वर्षात चार पुस्तकं! एवढंच नाही, तर मुखवटे घालून एक क्वीन, एक रॉस होऊन व्यासपीठावर वाद घालायचे. त्या दुसऱ्या मुखवट्याखालीही धागे पेरलेत का, ते आधी बघायचंय. 'एक्स'ची धड प्रत कुणाकडे असेल तर कळवा. पेन्सिलीच्या खुणा चालतील.

ग्रीकचा गुण: मी शून्य म्हणतो. आतेबहीण म्हणते पाव द्यायलाच हवा, कपांचं गणित बरोबर होतं. काल रात्री पाऊण तास यावरच फोन चालला, निकाल नाही.