पॉवर मीटरचे पहिले आठ आठवडे: 21 वॅट वाढले, त्यातले खरे किती?

पॉवर मीटर म्हणजे पेडल मारताना किती वॅट ताकद लावतोय ते मोजणारं सायकलवरचं यंत्र. आज सकाळी साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटात त्यावर दुसरी टेस्ट दिली. 20 मिनिटांची सरासरी 199 वॅट आली, त्याचे 95 टक्के धरले की एफटीपी (अंदाजे तासभर टिकवता येईल अशी ताकद) 189. ऑक्टोबरअखेरच्या पहिल्या टेस्टला 168 होता. आनंद झालाच, पण घरी येऊन दोन्ही फाइल शेजारीशेजारी उघडल्या आणि सकाळ त्यातच गेली.

पहिल्या टेस्टचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे असे: 212, 178, 167, 151. समर्थ मंदिरापासून सुटलो तो जीव खाऊन, आणि दहा मिनिटांत पाय भरून आले. आजचे तुकडे: 196, 199, 198, 203. म्हणजे वाढलेल्या 21 मधले काही वॅट दम सांभाळून चढायला शिकलो त्याचे आहेत. तेव्हाच असा एकसारखा चढलो असतो तर 168 च्या वरच आलो असतो.

मीटर चुकतोय का, हे तपासायला चढाचाच उपयोग झाला. चढावर वाऱ्याचा अडथळा कमी, बहुतेक ताकद वजन वर नेण्यात जाते. माझं नि सायकलचं मिळून वजन 85 किलो; 100 मीटर उंची चढायची तर नुसत्या गुरुत्वाकर्षणापायी सुमारे 83 किलोज्यूल लागतात. वजन तेच असेल तर वॅट वाढले त्या प्रमाणात वरही पोचायला हवं. आज तीच 20 मिनिटं संपली तेव्हा मी मागच्या जागेपेक्षा साधारण 400 मीटर पुढे होतो. हिशोब जुळला.

तरी झिरो ऑफसेटची, म्हणजे भार नसताना मीटर शून्यावर आणण्याची, सवय लावून घ्या. क्रँकमधला (पेडलच्या दांड्यातला) स्ट्रेन गेज धातूचा अगदी बारीकसा ताण मोजतो, आणि तापमान बदललं की त्याचा शून्य सरकतो. सायकल घरातून बाहेर काढतो, पंधरा मिनिटं थंडीत ठेवतो, पेडलवर पाय न ठेवता झिरो करतो आणि आलेला आकडा वहीत लिहितो.

चौथ्या आठवड्यात मात्र पुरता फसलो. सगळ्या राइडला आठ-दहा वॅट कमी दिसायला लागले. फिटनेस घसरला समजून मी व्यायाम आणखी वाढवला. खरं कारण डावा गुडघा. माझा मीटर फक्त डाव्या क्रँकवर आहे. तो डाव्या पायाचे वॅट मोजून दुप्पट करतो. गुडघा दुखत होता म्हणून मी नकळत उजव्या पायावर भार टाकत होतो आणि ते मीटरला दिसतच नव्हतं. चार दिवस विश्रांती घेतली, आकडे परत आले. एका बाजूचा मीटर असेल त्याने हे पक्कं लक्षात ठेवावं.

आता हार्ट रेट. संगम माहुलीच्या पुढे कोरेगाव रस्त्यावर 140 वॅट धरून चाललो की सुरुवातीला मिनिटाला ठोके 148 पडायचे, आता 139. ही घट मलाही फार आवडली होती. पण व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला प्लाझ्मा वाढतो, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलतं आणि ठोके उतरतात. स्नायूंमधले बदल त्यामानाने सावकाश होतात. शिवाय तेव्हा ऑक्टोबर हीट होती, घामाने जर्सी भिजायची. आता जॅकेट घालून निघतो. अंग थंड ठेवायला त्वचेकडे रक्त कमी पाठवावं लागतं, तेवढ्यानेही ठोके कमी होतात. म्हणून नऊच्या नऊ ठोके मी फिटनेसच्या खात्यात जमा करत नाही.

माझा खरा विश्वास बसलाय तो मंगळवारच्या सेटवर. 10 मिनिटांचे तीन सेट, 165 वॅटला. दुसऱ्या आठवड्यात आले 166, 163, 149. तिसऱ्या सेटला मान खाली, हातांवर रेललेलो, केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) 60 च्या खाली. सातव्या आठवड्यात 167, 166, 168, आणि तिसरा संपल्यावर मी बोलू शकत होतो. यात पेसिंगची, म्हणजे दम वाटून घेण्याची, हुशारी फारशी चालत नाही, कारण वॅट आधीच ठरलेले असतात. थकलेल्या पायांनी तिसरा सेट निघतोय ही वाढ मी खरी मानतो.

तेव्हा झोन (व्यायाम किती जोरात करायचा त्याचे टप्पे) 189 वर न लावता 182 वर लावलेत. जानेवारीच्या शेवटी याच वेळी, याच चढावर, याच कपड्यांत पुन्हा टेस्ट. तोवर मंगळवारचे सेट 175 वर.