तुम्ही विचारलंत म्हणून: गोळी घेते की नाही

"तू गोळ्या न घेता हाडं कशी सुधारलीस गं, सांग ना." लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, एका लग्नात तर हातात ताट असताना एकीने गाठून हेच विचारलं. आणि ज्यांना पुढची गोष्ट माहितीये त्यांचा प्रश्न बरोबर उलटा, "काय मग, शेवटी घेतलंसच ना औषध?" पहिलीला वाटतं माझ्याकडे नाचणीची काहीतरी गुप्त रेसिपी आहे. दुसरीला वाटतं मी तोंडावर आपटले आणि ते माझ्या तोंडून ऐकायला मिळालं तर तिचा दिवस चांगला जाईल. दोघींना मी दोन वर्षं "सांगेन कधीतरी निवांत" म्हणून टाळतेय. तर आज बसा.

ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, त्याबद्दल फार सांगत नाही, तुमच्यापैकी निम्म्या जणींच्या कपाटात डेक्साची, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या स्कॅनची, फाइल आहे. माझे आकडे फक्त देते. जानेवारी 2022, वय 52, पाळी 46 व्या वर्षीच गेलेली. कण्याचा टी-स्कोअर (तरुण हाडांच्या तुलनेत घनता किती कमी ते सांगणारा आकडा, जितका जास्त उणे तितकं हाड ठिसूळ) उणे 2.7, खुब्याचा उणे 1.9. व्हिटॅमिन डी 11, म्हणजे खूपच कमी. डॉक्टरांनी आठवड्याला एक अशी गोळी लिहून दिली, उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चार गोळ्यांची स्ट्रिप आणली, रात्री आतला कागद उलगडून वाचला, त्यात औषधाने जबड्याचं हाड खराब होऊ शकतं असं वाक्य वाचलं (फार क्वचित होतं, तेही लिहिलेलं होतं, पण रात्री अकरा वाजता "क्वचित" हा शब्द कोणाला दिसतो?) आणि स्ट्रिप मसाल्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. घरात जाहीर केलं, मी हे नॅचरली मॅनेज करणार.

आता "नॅचरली" म्हणजे काय केलं ते ऐका, कारण मी काही हातावर हात ठेवून बसले नव्हते, हे आधी नोंदवून ठेवा. नाचणीची भाकरी रोज. तीळ सगळ्यात. इथे ठाण्यात चेंदणीच्या कोळणीकडून सुका जवळा आणायला लागले, कारण आम्ही सीकेपी, आमचा जीव सोड्यांत, पण सोडे सोललेले, कॅल्शियम राहिलं सालात. जवळा सालासकट पोटात जातो. मांदेली कुरकुरीत तळून काट्यासकट. जांभळी नाक्यावरून शेवग्याचा पाला. चहा दोनवर आणला, लोणचं-पापड बंद, मीठ जास्त झालं की कॅल्शियम लघवीवाटे जातं म्हणून. रोज पहाटे उपवन तलावावर चालायला, दहा हजार पावलं. घरी आल्यावर व्हिडिओ लावून योगासनं, बारा सूर्यनमस्कार, शेवटी पश्चिमोत्तानासन. दीड वर्ष. एक दिवस चुकवला नाही, ताप असताना पण चालून आलेय.

आणि हिशोब? हिशोब मी केलाच नव्हता. आता केलाय म्हणून सांगते. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला 1200 मिलीग्रॅम कॅल्शियम लागतं. नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 360, हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण एका भाकरीला पीठ लागतं 40 ग्रॅम. म्हणजे नुसत्या नाचणीवर भागवायचं तर आठ भाकऱ्या. तिळाचं तसंच, 100 ग्रॅमचा आकडा बघून डोळे दिपतात, चमच्यात बसतात तीन ग्रॅम. पालकाचं कॅल्शियम त्यातल्या ऑक्झलेटमुळे बहुतेक अंगी लागतच नाही. आणि दूध, जे मी फुगायला होतं म्हणून सोडलं होतं, त्याच्या एका कपात 240. ते सोडून मी तीळ मोजत होते. आता दही-ताकावर आलेय, ते सोसतं.

उपवनचंही तेच. सकाळी सहा ते सात कोवळं ऊन अंगावर घ्यायचे आणि मनात म्हणायचे, डी मिळतंय. त्या उन्हात डी बनवणारे किरण जवळजवळ नसतात हो. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन लागतं, तेही काचेतून नाही. माझं डी 11 वरून वर आलं ते आठवड्याला एक अशा 60,000 युनिटच्या पुड्यांनी. आता तुम्ही म्हणाल पुडी पण औषधच की. बरोबर. पण ती दुधात घालून घ्यायची होती ना (तेवढ्यापुरतं दूध चालत होतं), त्यामुळे ती मला औषध वाटली नाही. हसा खुशाल.

तर जून 2023 मध्ये एका ठिकाणी शिबिरात सवलतीत डेक्सा होता, केला. उणे 2.4. उणे 2.7 वरून उणे 2.4, गोळीशिवाय! ढोकळीच्या सिग्नलला रिक्षात बसून मी तो कागद तीनदा वाचला आणि घरी पोचायच्या आत सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. "नाचणी, तीळ, योग. गोळी शून्य." खाली तीन फुलं. तो मेसेज कुठे कुठे फिरला देव जाणे, मुलुंडच्या माझ्या नणंदेला तिच्या जावेकडून आला. तुमचे सगळे प्रश्न त्या मेसेजमधून आलेत.

पुढचं लिहायला मला वेळ लागलाय.

त्यानंतर पाच आठवड्यांनी, जुलैमधला शनिवार, स्टेशनकडून मानपाड्याला येत होते. मांडीवर भाजीची पिशवी, वर शेवग्याचा पाला, ओला, माझा ड्रेस भिजवत होता आणि मी ती पिशवी जरा पुढे धरायला वाकले होते. घोडबंदर रोड तुंबलेला म्हणून रिक्षावाल्याने सर्व्हिस रोडला घेतली. पाणी साचलेलं, खड्डा दिसलाच नाही त्याला. रिक्षा खाली गेली, मी वर उडाले आणि मी खाली आले तेव्हा रिक्षा वर येत होती. आवाज वगैरे काही नाही. पाठीच्या मधोमध, ब्राच्या पट्टीच्या चार बोटं खाली, कोणीतरी गरम उलथणं टेकवल्यासारखं झालं आणि श्वास आत घेतलेला बाहेरच येईना. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "ताई, लागलं काय?" मी म्हटलं, "नाही नाही, चला." हे "नाही नाही" मला अजून आठवतं. खड्ड्यात आपटून मणका मोडतो हे माझ्या डोक्यातच नव्हतं, मोडायला पडावं लागतं अशी माझी समजूत. पिशवीतला पाला सगळा पायाशी सांडला होता, तो मी उतरताना वाकून वेचला. वाकून!

घरी बाम, शेकायची पिशवी. नवरा म्हणाला लचक भरली असेल. तीन दिवस बसताना दुखायचं, उठताना त्याहून जास्त, आडवी पडले की बरं. चौथ्या दिवशी मला वाटलं पाठ आखडलीये, ताण दिला की मोकळी होईल. मॅट घातली आणि पश्चिमोत्तानासन केलं. पाय लांब, श्वास सोडत पुढे, अंगठे धरले, कपाळ गुडघ्याला टेकायला दोन बोटं राहिली होती आणि तिथेच जे काही झालं त्यानंतर मला वर येता येईना. ओरडताही येईना, ओरडायला छाती फुगवावी लागते. किचनमधे कुकरची शिट्टी चालू, नवऱ्याला हाक ऐकू जात नव्हती. मी अंगठे धरून तशीच. गुडघ्यावरचा लेगिंगचा धागा निघालेला दिसत होता, तो बघत राहिले. तिसऱ्या शिट्टीनंतर तो गॅस बंद करून बाहेर आला आणि आधी हसला, त्याला वाटलं मी आसनच करतेय.

एक्स-रेमध्ये डी-12 चा, म्हणजे पाठीतला बारावा मणका पुढच्या बाजूने बसलेला. पाचरीसारखा, मागून जाड पुढून बारीक. डॉक्टर (हे दुसरे, पहिल्यांकडे जायची मला लाज वाटली) फिल्म बघता बघता म्हणाले, किती दिवस पुढे वाकताय? मी म्हटलं दीड वर्ष, रोज. ते काही बोलले नाहीत. मग त्यांनीच समजावलं की हाडं ठिसूळ झाली की पाठीतून पुढे वाकायची आसनं टाळायची, सगळा भार मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो. म्हणजे हाडांसाठी म्हणून जे करत होते त्यातलं निदान एक तरी हाडांच्या मुळावर येणारं होतं. मग मी मोठ्या ऐटीत तो उणे 2.4 चा कागद काढला, बघा, सुधारलं होतं हो. त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. पहिला एका कंपनीच्या मशीनवरचा, दुसरा दुसऱ्याच. दोन मशीनचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत म्हणे, आणि त्याच मशीनवरसुद्धा बारीकसा फरक मोजण्याच्या चुकीत जमा असतो. तीन फुलांसकट माझा मेसेज तिथेच संपला. ग्रुपवरून मी तो डिलीट केला नाही. दुरुस्तीही टाकली नाही, हे कबूल करते, हा लेख म्हणजे ती दुरुस्ती समजा, दोन वर्षं उशिरा.

घरी आल्यावर बेडरूमच्या दाराच्या चौकटीवर, जिथे लेकाची उंची पेन्सिलने मांडायचो, तिथे नवऱ्याने माझी मोजली. लेकाच्या दहावीच्या वर्षी गंमत म्हणून माझीपण रेघ मारली होती. दोन सेंटिमीटरने खाली आले होते.

आता 2022 च्या मीशी माझं भांडण. तिला मी म्हणते, बाई, गोळी घ्यायची होतीस. ती म्हणते, गोळी घेतली असती तर रिक्षात मणका वाचलाच असता असं लिहून देतेस? नाही देऊ शकत. औषधाने मोडायचा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. मग मी म्हणते, निदान तो कागद तरी नीट वाचायचास. ती गप्प बसते, कारण कागद हे कारण नव्हतंच. आईचा खुबा 2009 मध्ये बाथरूममध्ये मोडला, त्यानंतर ती अकरा महिने होती, त्यातले नऊ पलंगावर. तिच्या उशाशी गोळ्यांचा एक डबा असायचा, निळा, सात खणांचा. मला हाडांसाठी गोळी नको नव्हती, मला तो डबा नको होता. 52 व्या वर्षी मी उपवनला चालणारी, सूर्यनमस्कार घालणारी बाई होते, ती गोळी घेतली की मी माझी आई होणार होते. "नॅचरल" या शब्दाने ते सगळं छान झाकलं गेलं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

तर हो, घेतलं औषध. गोळी नाही, वर्षातून एकदा सलाइनमधून देतात ते, झोलेड्रॉनिक ॲसिड, 5 मिलीग्रॅम, अर्ध्या तासाचं काम. आधी दात तपासून घेतले, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि डी बघितलं. पहिल्या वेळी रात्री 102 ताप, अंग असं दुखलं की मी नवऱ्याला सांगितलं पुढच्या वर्षी मी येणार नाही. पुढच्या वर्षी गेले, काही झालं नाही. या ऑगस्टमध्ये तिसरं झालं. एक मणका बसला की दुसरा बसायची शक्यता बरीच वाढते, तेव्हा इथे मला हौस परवडणार नव्हती.

पण थांबा, "बघ, सांगितलं होतं" वाल्यांनो, तुम्हालाही सोडत नाहीये. मला आजवर भेटलेल्या औषधवाल्यांपैकी व्यायामाबद्दल "वॉक करा" याच्यापुढे कोणी बोललं नव्हतं. चालण्याने हृदय, वजन, मूड, सगळं सुधारतं, हाडाची घनता फारशी हलत नाही. हाडाला सवयीपेक्षा जास्त भार लागतो. ऑस्ट्रेलियातला लिफ्टमोर नावाचा अभ्यास 2018 मध्ये छापून आला, पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी झालेल्या बायका, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, आठ महिने, डोक्यावर ट्रेनर उभा आणि खरोखर जड वजनं. त्यांच्या कण्याची घनता सरासरी 2.9 टक्के वाढली, घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची 1.2 टक्के घटली. मी एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचलत होते. आणि सलाइन काही मला तोल सांभाळायला शिकवत नाही, ओल्या लादीवर माझे पायच मला धरणार.

म्हणून आता फिजिओकडे मंगळवार-शुक्रवार. पहिले चार महिने नुसतं पाठ सरळ ठेवून कंबरेतून कसं वाकायचं तेच, बादली उचलणं, चादर घालणं, भांड्याच्या खालच्या रॅकमधलं पातेलं काढणं. नंतर दोन किलो, पाच किलो, आता बारा किलोची केटलबेल (वर मूठ असलेलं लोखंडी वजन) उचलते, तीही फिजिओ समोर उभी असताना. दूध तापेपर्यंत एका पायावर उभी राहते, ओट्याला एक बोट लावून. आणि नाचणी चालू आहे, जवळा चालू आहे, ते मी सोडणार नाही कारण जवळा मला आवडतो.

ऑगस्टमध्येच पुन्हा डेक्सा केला, या वेळी पहिल्याच मशीनवर, चौकशी करून. उणे 2.4. तोच आकडा! श्रेय सलाइनचं की केटलबेलचं की ताकाचं, यावर घरात दोन मतं आहेत आणि दोन्ही माझीच आहेत, दिवसागणिक बदलतात. जास्त वाटा सलाइनचाच असं डॉक्टर म्हणतात, फिजिओ नुसती हसते. काहीही विचारा, पण मला या बाजूला की त्या बाजूला असं विचारू नका.

गेल्या आठवड्यात सातव्या मजल्यावरची आली होती, 49 ची, हातात डेक्साचा तोच पांढरा लिफाफा, डोळे सुजलेले. "काकू, तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत?" मी आधी विचारलं, कुठल्या मशीनवर केलास ते लिहून ठेवलंयस का. मग म्हटलं चप्पल काढ आणि आत ये, त्या चौकटीला पाठ लावून उभी राहा, पेन्सिल आणते.