‘पुढचं रात्री वाचू नका’

भयकथा लिहिणारे नारायण धारप मी पहिल्यांदा वाचले ते आठवीत, मावशीकडे, भारनियमनाच्या दिवसांत. वाचनालयाची प्रत, पुठ्ठा निघालेला, आणि एका पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं : ‘पुढचं रात्री वाचू नका.’ मी अर्थातच रात्रीच वाचलं, तेही कंदिलाच्या उजेडात. मग परसातल्या मोरीपर्यंत जायची हिंमत होईना. उजाडेपर्यंत पाय आवळून पडून राहिले.

धारपांचं भूत बाहेरून घरात शिरतं. रत्नाकर मतकरींचं बऱ्याचदा माणसाच्या मनातूनच निघतं, आणि मला तेच जास्त छळतं. तरी २०१८ साली, धारपांच्याच कथेवरून सुचलेला ‘तुंबाड’ बघताना, ती साखळदंडातली म्हातारी दिसली आणि मी थेट मावशीच्या माजघरात पोचले. तो न थांबणारा पाऊस, ती ओल! (इतकं कोकणातलं असून सिनेमा हिंदीत, ही चुटपुट आहेच.)

मावशी धारपांना हात लावायची नाही. “कावळा शिवला की माणूस सुटला. मागे कशाला राहतोय?” म्हणायची. तिन्हीसांजेला परसदाराची कडी मात्र दोनदा बघायची.