डबीत मावतील तेवढ्याच माश्या

इथे पेनसिल्व्हेनियात फेब्रुवारीत, बाहेर बर्फ भुरभुरत असताना आणि सल्फर या पिवळसर माश्यांचा मोसम अजून तीन महिने दूर असताना, ट्राउट माशाच्या नादी लागलेला माणूस जे रिकामटेकडे उद्योग करतो, त्यांत फ्लायचे, म्हणजे गळावर बांधलेल्या खोट्या माश्यांचे, डबे उपसून बसणे हा मला सर्वांत प्रतिष्ठेचा वाटतो. परवा दुपारी मी तेच केले. जेवणाच्या टेबलावर जुना पंचा अंथरला आणि वर्षानुवर्षे साठत आलेल्या माश्या त्यावर मांडत गेलो. सशाच्या केसांच्या, कोंबड्याच्या पिसांच्या, तांब्याच्या तारेच्या, आणि काही अशा की त्या मी का विकत घेतल्या हे आता विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. बेत साधा होता. पेपरमिंटच्या गोळ्यांची एक चपटी पत्र्याची डबी रिकामी झाली होती. यंदा तीत मावतील तेवढ्याच माश्या नदीवर न्यायच्या आणि बाकीचा पसारा घरी ठेवायचा. पत्नीने येता-जाता पंच्याकडे पाहिले आणि विचारले, "एकही मासा घरी न आणणाऱ्या माणसाला इतक्या माश्या लागतात कशाला?" तिचे माहेर मालवणचे आहे, त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरात जुनाच आहे.

थोडक्यात भागवण्याची ही हौस माझ्या एकट्याची नाही. इंग्लंडात १४९६ साली छापल्या गेलेल्या एका पुस्तिकेत कोणत्या महिन्यात कोणती माशी वापरावी हे सांगून एकंदर १२ माश्या दिल्या आहेत, आणि मार्चसाठी सांगितलेली पहिलीच माशी, करड्या लोकरीच्या अंगाची आणि तित्तिराच्या पंखांची, आजही कुठल्याही नदीवर न्यावी अशी आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात, हॅम्पशरच्या चुनखडीच्या नद्यांवर ट्राउटला फक्त पाण्यावर तरंगणारी माशीच दाखवावी असा सोवळा आग्रह धरणारे फ्रेडरिक हॅलफर्ड आधी कितीतरी नमुने सांगून उतारवयात ३३ वर आले. तेहतीस म्हटले की आपल्याकडे पुढे कोटी येतात, त्या मानाने हा संयमच म्हणायचा. मात्र त्यांतही नर आणि मादी वेगळ्या होत्या. आणि जपानच्या डोंगराळ ओढ्यांवर तेनकारा पद्धतीने, म्हणजे रिळाशिवाय नुसत्या काठी-दोरीने, मासे धरणारे कित्येक जाणते लोक एकाच प्रकारच्या माशीवर जन्म काढतात. मी या तिघांच्या मध्ये कुठेतरी बसतो, पण नेमका कुठे, हे डबी भरायला घेतल्याशिवाय कळत नाही.

पुण्यात माझ्या मावशीकडे बाराक्षारांची पेटी असे. तपकिरी काचेच्या बारा बाटल्या, प्रत्येकीत त्याच पांढऱ्या गोळ्या, आणि मावशीच्या मते त्यांच्यापुढे बाकीचे सगळे औषधशास्त्र म्हणजे नुसता खर्च. पोटात कळ आली की गरम पाण्यातून मॅगफॉस, ताप वाटला की फेरमफॉस. परगावी जाताना मात्र ती बारांतल्या चारच बाटल्या रुमालात बांधून घेई, आणि उरलेल्या आठ का नाहीत असे विचारले तर म्हणे, "त्या आजारांना तिकडे यायचं कारण नाही." फ्लायच्या डबीपुढे बसल्यावर मला मावशीची ती खात्री हवी असते. गोळ्यांच्या गुणाविषयी मी काही बोलत नाही. निवडीच्या ठामपणाविषयी बोलतो आहे.

पहिली माशी कोणती, याविषयी मला शंका नसते. फेझंट टेल. विल्टशरमधल्या एव्हन नदीची राखण करणारे फ्रँक सॉयर यांनी ती बांधली, आणि तिच्यात दोनच वस्तू आहेत: फेझंट कोंबड्याच्या शेपटीतल्या पिसाचे चार तांबूस तंतू आणि केसाइतकी बारीक तांब्याची तार. दोरासुद्धा नाही. तार आधी गळावर गुंडाळून छातीच्या जागी किंचित फुगवटा आणायचा, मग तंतू आणि तार एकत्र पिळून शेपटीकडून डोक्याकडे न्यायचे, आणि फुगवट्यावर तंतू पुढे-मागे दुमडून पंखांची पिशवी केली की माशी तयार. तारच वजन देते, तारच बांधते आणि ओली झाली की पिसांतून तीच मंद चकाकते. पाय नाहीत, कारण ती ज्यांची नक्कल आहे त्या पाण्यात पोहणाऱ्या अळ्या पाय अंगाशी मिटून घेतात, हे सॉयर यांनी पाण्याकडे तासन्तास पाहून ठरवले होते. मी बांधलेली फेझंट टेल त्यांच्याइतकी सडपातळ होत नाही, पण १६ आणि १८ नंबरच्या गळांवरच्या काही बऱ्यापैकी निघाल्या, त्या डबीत गेल्या.

मग अ‍ॅडम्स. ती मिशिगनच्या लिओनर्ड हॅलाडे यांनी १९२२ मध्ये बांधली आणि चार्ल्स अ‍ॅडम्स नावाच्या वकील मित्राचे नाव तिला दिले. करडी, जराशी विस्कटलेली, नेमकी कोणत्याच कीटकासारखी नाही आणि म्हणून पुष्कळ कीटकांसारखी. त्यानंतर आमच्या पेनसिल्व्हेनियाचा मान. एल्क हरणाच्या पोकळ केसांमुळे बुचासारखी तरंगणारी कॅडिस ही अल ट्रॉथ यांनी १९५७ मध्ये बांधली ती इथेच, आणि वूली बगर हे काळे, शेपटीला मऊ पिसांचा झुबका असलेले ध्यान रसेल ब्लेसिंग यांनी १९६७ च्या सुमारास जन्माला घातले तेही इथेच. बेलफाँटजवळच्या ज्या स्प्रिंग क्रीकवर मी जातो, तिथे चुनखडीतून आलेले पाणी असल्यामुळे दगडांखाली आणि शेवाळात करड्या रंगाचे, बारीक, चपटे क्रेसबग नावाचे किडे बेसुमार असतात; तेव्हा त्यांची नक्कल घ्यावीच लागते. मेच्या मध्यासाठी पिवळसर सल्फर घेतली आणि उन्हाळ्यासाठी काळी मुंगी.

एका माशीला मात्र मी डबीत जागा देत नाही. पोपटी रंगाच्या लोकरी दोऱ्याचे चार वेढे, मागे त्याच दोऱ्याचा एक फासा, बस्स. तिला इथे ग्रीन वीनी म्हणतात आणि या राज्यात ती गावोगावच्या ओढ्यांवर मासे काढते, हे मी नाकारत नाही. परंतु माणसाने काही गोष्टी पाळाव्यात. सॉयरच्या तंतूंशेजारी तो पोपटी लोकरीचा तुकडा ठेवायला माझा हात धजत नाही, आणि त्यापायी माझे जे मासे हुकले असतील ते हुकले.

लहानपणी कोकणात मला निवड करावी लागली नाही, कारण गरी, म्हणजे गळ, एकच होती. आजोळच्या घराखालच्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, पहिल्या पावसात चढणीचे मासे येऊ लागले की मामा गरवायला निघत आणि गांडुळांची करवंटी धरायला मला नेत. बांबूची काठी, सुताची दोरी आणि ती गरी. ती मुळांत अडकली की मामा दोरी ओढत नसत. काठी माझ्या हातात देत, सदरा काढून दगडावर ठेवत आणि गढूळ पाण्यात बुडी मारत. बराच वेळ पाण्यावर काही दिसत नसे. मग दोरी सैल पडे आणि पाठोपाठ मामांचे डोके वर येई, गरी दातांत धरलेली. व्हाळातले प्रत्येक मूळ त्यांना पाण्याखालून ठाऊक होते. एखाद्या दिवशी गांडूळ मिळाले नाही तर घरातून कणकेची गोळी येई, आणि शेंगटीला यांतले काय आवडते याची चर्चा मी कधी ऐकली नाही.

ट्राउटच्या आवडीविषयी मात्र ग्रंथ भरले आहेत. बेलफाँटच्या पुलावरून खाली पाहिले तर ठरावीक जागी धरून राहिलेली ट्राउट दिसते. प्रवाहातून जे येईल त्याच्याकडे ती किंचित सरकते, तोंड उघडते आणि बरेचदा काटकी किंवा पानाचा तुकडा थुंकून टाकते. तिला हात नाहीत, त्यामुळे शंका आली की तोंडातच घालून पाहावे लागते. आकार साधारण जुळला, आणि दोरीने न ओढता माशी पाण्याच्याच गतीने आली, तर नमुन्याचे नाव ती विचारत नाही. हे मला पटते, आणि तरीही नदीवर भेटलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न हाच विचारतो की कोणती लावली आहे. तोही मला हेच विचारतो. आम्ही एकमेकांना खरे सांगतो की नाही, हा भाग वेगळा. ज्या माशीवर आपला विश्वास असतो ती आपण वारंवार न बदलता पाण्यात राहू देतो, आणि पाण्यात राहिलेली माशीच मासा धरते, एवढा तर्क मला पुरतो.

पंच्यावर शेवटी एक मोठी, फिकट हिरवट पंखांची ग्रीन ड्रेक उरली होती. मेच्या अखेरीस तासाभराच्या अंतरावरच्या पेन्स क्रीकवर या नकलेमागची खरी माशी संध्याकाळी पाण्यातून अशी उठते की त्या आठवड्यात दूरदूरच्या गाड्या काठावर उभ्या असतात. स्प्रिंग क्रीकवरही ती अशीच उठत असे. तिच्या अळ्या तळाच्या गाळात बिळे करून दोनेक वर्षे राहतात, त्यामुळे नदीत जे सोडले जाते ते त्यांच्याच वाट्याला येते. १९५० च्या दशकातल्या प्रदूषणात तो बहर गेला आणि पूर्वीसारखा परत आलेला नाही. पुढे दुसऱ्याच एका रसायनाने मासेही खाण्याजोगे राहिले नाहीत, म्हणून इथला मासा घरी नेण्यास बंदी आली, आणि पत्नीच्या प्रश्नाचे माझ्याकडचे अर्धे उत्तर ते आहे. तेव्हा स्प्रिंग क्रीकपुरती ग्रीन ड्रेक न्यावी की नाही हे मला ठरवावे लागत नाही. ते फार पूर्वी, नदीवर कधी गळ न टाकलेल्या माणसांनी ठरवून ठेवले आहे.